स्थळ, ठिकाण, हुकूमत : पत्रिकेवर आणि दाव्यात जागा कशी लिहावी

कोल्हापुरात माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नसराईत पत्रिका, बाकी वर्षभर वकिलांचे दावे, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सोसायट्यांच्या सभेच्या नोटिसा. यातल्या प्रत्येक कागदावर जागेचा एक रकाना असतो. इंग्रजीत सोहळ्याची जागा आणि खटला चालण्याची जागा, दोन्हींना ‘व्हेन्यू’ म्हणतात. त्यामुळे इंग्रजी मजकूर समोर ठेवून मराठी करणारे दोन्हीकडे ‘स्थळ’ टाकून मोकळे होतात. मात्र या दोन जागांचं काम वेगवेगळं आहे. पत्रिकेवरच्या जागेने पाहुण्याला दारापर्यंत आणायचं असतं. दाव्यातल्या जागेने हे प्रकरण याच कोर्टाने का चालवायचं, ते सांगायचं असतं. जागा लिहिताना तिच्याकडून काय काम हवंय ते आधी ठरवा, म्हणजे शब्द आपोआप नीट पडतात.

आधी शब्दांचा हिशेब. कार्यक्रमाला ‘स्थळ’ चालतं, बोलताना ‘ठिकाण’ही चालतं. ‘विवाहस्थळ’, ‘सभास्थळ’ हे रुळलेले शब्द आहेत. लग्नाच्या बायोडाट्यात मात्र मी नोकरीच्या गावापुढे ‘ठिकाण’च लिहिते, कारण तिथे ‘स्थळ’ म्हणजे मुलगा किंवा मुलगी. पोलिसांच्या कागदात ‘घटनास्थळ’. कोर्टात ‘स्थळसीमा’ (कोर्टाची हद्द) आणि ‘हुकूमत’ (प्रकरण चालवण्याचा अधिकार) हे जुने, कसलेले शब्द आजही दाव्यांत येतात. सरकारी अनुवादात ‘अधिकारिता’ किंवा ‘अधिकारक्षेत्र’ दिसतं, आणि बार रूममध्ये सगळे ‘ज्युरिस्डिक्शन’ म्हणतात. आपल्या कायद्यांत ‘व्हेन्यू’ हा शब्द जवळजवळ येतच नाही. फौजदारी संहितेत कलमाचं शीर्षकच चौकशी आणि खटल्याच्या नेहमीच्या ‘ठिकाणा’बद्दल आहे. इंग्लंडात हा शब्द रुळला तो ज्युरीमुळे, ज्या परिसरातून ज्युरीचे पंच बोलवायचे तो परिसर म्हणजे व्हेन्यू. आपल्याकडची ज्युरी कधीच गेली. म्हणून इंग्रजी सिनेमातलं ‘चेंज ऑफ व्हेन्यू’ मराठीत आणताना ‘स्थळबदल’ लिहू नका. कोर्टात त्याला ‘खटला वर्ग करणे’ म्हणतात.

आणखी एक रकाना लोकांना नेहमी फसवतो. प्रतिज्ञापत्राच्या तळाला डावीकडे ‘ठिकाण :’ आणि खाली ‘दिनांक :’ असतं. ते ठिकाण म्हणजे सही जिथे केली ते गाव. दावा साताऱ्याला असेल आणि सही कोल्हापुरात केली असेल, तर तिथे ‘कोल्हापूर’च येतं. खटल्याच्या जागेशी त्याचा काही संबंध नाही.

पत्रिकेवरची जागा

पत्रिकेचं हस्तलिखित येतं तेव्हा बहुतेक वेळा त्यात एवढंच असतं : ‘विवाहस्थळ : अमुक मंगल कार्यालय, शिरोली.’ कोणती शिरोली? पुलाची शिरोली महामार्गालगत, हातकणंगले तालुक्यात. शिरोली दुमाला करवीर तालुक्यात, शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. बावड्याचंही तेच. कसबा बावडा कोल्हापूर शहरात, गगनबावडा घाटमाथ्यावर, आणि इंदापूर तालुक्यात आणखी एक बावडा. कागल तालुक्यात कसबा सांगाव आणि मौजे सांगाव ही दोन वेगळी गावं आहेत. घरच्यांना हे पाठ असतं, त्यामुळे ते लिहीत नाहीत. पुण्या-मुंबईहून येणारा पाहुणा मात्र मोबाइलमध्ये गावाचं नाव टाकतो आणि पहिलं दिसेल तिकडे निघतो. गावाचं पूर्ण नाव, तालुका, जिल्हा या तीन गोष्टी लिहिल्याशिवाय मी पत्रिका छपाईला पाठवत नाही.

त्यानंतर खूण. ‘जवळ’ हा शब्द मी शक्य तिथे काढून टाकते. ‘समोर’, ‘शेजारी’, ‘मागे’ यांतून माणसाला दिशा कळते, ‘जवळ’मधून कळत नाही. खूण निवडताना टिकणारी निवडा. मोबाइलचं दुकान किंवा एटीएम पुढच्या महिन्यात तिथे असेलच असं नाही. देऊळ, तालीम, चौक, नाका, शाळा या जागा हलत नाहीत. महामार्गावरच्या कार्यालयासाठी कोणत्या बाजूचा सेवा रस्ता ते लिहायलाच हवं. पुण्याकडून येणाऱ्याची गाडी एकदा समोरच्या बाजूने पुढे गेली की पुढच्या पुलापर्यंत वळता येत नाही आणि मुहूर्त तेवढ्यात टळतो. वरच्या हस्तलिखिताचं मी साधारण असं करते :

‘विवाहस्थळ : अमुक मंगल कार्यालय (पहिला मजला), पुण्याकडून येताना डाव्या बाजूचा सेवा रस्ता, हनुमान मंदिराशेजारी, पुलाची शिरोली, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर.’

मजला का? एकाच इमारतीत वर-खाली दोन लग्नं असतात. लॉन आणि हॉल एकाच मालकाचे असतील तरी कोणतं ते लिहा. नकाशाचा क्यूआर कोड छापणार असाल तर छपाईआधी दोन वेगवेगळ्या फोनवर उघडून बघा, आणि खूण फाटकावर येतेय की इमारतीच्या मागच्या बोळात, ते तपासा.

हळद, विवाह, भोजन, स्वागत समारंभ हे वेगवेगळ्या जागी असतील तर प्रत्येकाच्या वेळेखाली लगेच त्याची जागा यायला हवी. ‘वरील ठिकाणी’ हे शब्द फक्त एकच जागा असेल तेव्हाच वापरा. घरचा पत्ता ‘निवासस्थान’ म्हणून खाली, लहान टाइपात. काही घरांत आजोबांचा आग्रह असतो की घराचं नाव ठळक पाहिजे. भावना मला कळते, पण ठळक दिसतं तिथेच लोक जातात. घराचं नाव वर, निमंत्रकांच्या नावासोबत घ्या आणि पत्ता खालीच ठेवा.

जाहीर कार्यक्रमाला हेच नियम, फक्त एक भर. जागा ऐनवेळी बदलू शकते हे लक्षात ठेवून मजकूर जुळवा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर ते हेच. त्या आगीने कोल्हापूरच्या नाटकवाल्यांचं घरच जळालं, आणि पुढच्या सगळ्या कार्यक्रमांना दुसरी जागा शोधावी लागली. बदलाची सूचना लिहिताना जुनी जागाही लिहावी, नुसती नवी लिहून भागत नाही : ‘पूर्वी जाहीर केलेल्या अमुक सभागृहाऐवजी आता राजर्षी शाहू स्मारक भवन, दसरा चौक येथे. दिनांक व वेळ तीच.’ शेवटचं वाक्य वगळलं की वेळ बदलली का, असे फोन दिवसभर येत राहतात.

सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत जागेचा उल्लेख दोनदा येतो. एकदा सभेसाठी, आणि खाली ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने’ या ओळीत. वर जागा बदललीत तर ही ओळही पुन्हा वाचा.

दाव्यातली जागा

इथे मसुदा वकिलांचा असतो, मी टाइप करते. पण पक्षकार माझ्यासमोर बसून कागद वाचतात आणि विचारतात, हे एवढं गावांचं नाव कशाला? त्यांना मी जे समजावून सांगते ते इथे लिहिते.

दिवाणी प्रक्रिया संहितेत, म्हणजे १९०८ च्या कायद्यात, दावा कुठे लावायचा याचे नियम कलम १५ ते २० मध्ये आहेत. जमीन किंवा घर असेल तर कलम १६ : मिळकत जिथे आहे तिथलं कोर्ट. भाऊ सगळे पुण्याला नोकरीला असोत, शिरोळ तालुक्यातल्या रानाचा वाटपाचा दावा त्या रानावर हुकूमत असलेल्या कोर्टातच लागतो. म्हणून मिळकतीच्या वर्णनात मौजे, तालुका, गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा पूर्ण हव्यात. त्या वर्णनातूनच कोर्टाची हुकूमत दिसते. मिळकत दोन कोर्टांच्या हद्दीत पसरली असेल तर कलम १७ मुळे त्यांतल्या कोणत्याही एका कोर्टात जाता येतं.

पैशाच्या, कराराच्या वादात कलम २०. प्रतिवादी जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा दाव्याचं कारण पूर्णपणे वा काही अंशी जिथे घडलं तिथे. या ‘काही अंशी’मध्येच सगळी गंमत आहे, आणि इथेच मसुदे ढिले पडतात. संहितेतल्या आदेश ७ नियम १ मध्ये स्पष्ट आहे की कोर्टाला हुकूमत आहे हे दाखवणारी वस्तुस्थिती दाव्यात लिहावी लागते. पण कित्येक मसुद्यांत एवढंच असतं :

‘दाव्यास कारण मे. कोर्टाचे स्थळसीमेत घडले असल्याने मे. कोर्टास दावा चालविण्याचा अधिकार आहे.’

यात कोर्टाला काहीच कळत नाही. समजा इचलकरंजीच्या सूत व्यापाऱ्याने मालेगावच्या गिऱ्हाइकाला माल दिला आणि पैसे अडकले. चांगले वकील तोच परिच्छेद असा लिहून देतात :

‘वादीचा सूतविक्रीचा व्यवसाय इचलकरंजी येथे आहे. प्रतिवादीने मालाची मागणी वादीचे इचलकरंजी येथील पेढीवर नोंदविली, माल तेथूनच ताब्यात घेतला व बिलाची रक्कम इचलकरंजी येथेच देण्याचे ठरले होते. ती न दिल्याने दाव्यास कारण दि. … रोजी इचलकरंजी येथे, म्हणजेच मे. कोर्टाचे स्थळसीमेत घडले आहे. सबब प्रतिवादी मालेगाव येथे राहणारा असला तरी हा दावा चालविण्याची मे. कोर्टास हुकूमत आहे.’

मागणी कुठे, माल कुठे, पैसे कुठे, या तीन जागा आल्या. प्रतिवादी दूरचा आहे हेही स्वतःहून सांगून टाकलं. पक्षकारांनी वकिलांकडे जाताना ही तीन उत्तरं आणि त्यांचे कागद, म्हणजे मागणीचा मेसेज, डिलिव्हरी चलन, बिल, घेऊन जावं. मसुदा निम्मा तिथेच होतो.

कोर्ट चुकलं तर काय? हुकूमत नाही असं दिसलं तर आदेश ७ नियम १० खाली दावा योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत दिला जातो. तो फेटाळला असं होत नाही, पण महिने जातात. उलट तुम्ही प्रतिवादी असाल आणि जागेबद्दल हरकत असेल तर ती सुरुवातीलाच घ्या. कलम २१ नुसार कोर्टाने वादाचे मुद्दे काढण्याआधी, पहिल्या संधीला हरकत घेतली नाही तर अपिलात ती सहसा ऐकली जात नाही. कैफियतीचं, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराचं, पहिलं पान टाइप करताना मी म्हणूनच विचारते, जागेची हरकत आहे का?

बिलांच्या तळाला छापलेली ओळ तुम्ही पाहिली असेल : ‘सर्व वाद कोल्हापूर न्यायालयाच्या कक्षेत.’ ही ओळ उपयोगी आहे, पण तिला मर्यादा आहे. ज्या दोन-तीन कोर्टांना कायद्याने हुकूमत आहे त्यांतलं एक पक्षकार ठरवू शकतात. ज्या कोर्टाला मुळात हुकूमतच नाही, त्याला ती कराराने देता येत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये हाकम सिंग प्रकरणात आणि १९८९ मध्ये एबीसी लॅमिनार्ट प्रकरणात सांगितलं आहे. २०१३ च्या स्वस्तिक गॅसेस निकालाप्रमाणे ‘फक्त’ हा शब्द नसला तरी अशा ओळीतून बाकीची कोर्टं वगळली आहेत असा अर्थ निघू शकतो. तरी तुम्ही लिहिताना संदिग्धता ठेवू नका. ‘कोल्हापूर येथील न्यायालयातच’ असं लिहा. तो ‘च’ मोलाचा आहे. आणि जिथे तुमचं दुकानही नाही, गिऱ्हाईकही नाही, अशा शहराचं नाव दुसऱ्याच्या बिलातून उचलून छापू नका.

करारात लवादाचं, म्हणजे कोर्टाबाहेर वाद सोडवण्याचं, कलम असेल तर ‘सीट’ आणि ‘व्हेन्यू’ हा फरक येतो. ‘सीट’ म्हणजे लवाद कायद्याच्या दृष्टीने कुठे बसला आहे ते, आणि त्यावरून कोणतं कोर्ट त्यावर देखरेख करणार ते ठरतं. ‘व्हेन्यू’ म्हणजे बैठक प्रत्यक्ष कुठे भरेल ते. १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम २० मध्ये दोन्ही गोष्टी आहेत. करारात नुसतं ‘व्हेन्यू मुंबई’ असेल आणि उलट काही नसेल तर तीच सीट धरली जाऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं. मग वाद टाळायचा तर दोन ओळी वेगळ्या लिहा : लवादाची सीट अमुक, बैठका सोयीनुसार तमुक ठिकाणी.

काही प्रकारांत कायद्याने नेहमीच्या नियमात बदल केला आहे, आणि ते माहीत नसल्यामुळे लोक विनाकारण लांबच्या गावी हेलपाटे घालतात. चेक वटला नाही तर तक्रार कुठे करायची, यावर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दशरथ राठोड प्रकरणात चेक देणाऱ्याच्या बँकेची जागा धरली होती. २०१५ च्या दुरुस्तीने ते बदललं. आता तुम्ही चेक आपल्या खात्यात भरला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे, तिथलं कोर्ट. म्हणून तक्रारीत बँकेचं नाव लिहून थांबू नका, शाखाही लिहा. हिंदू विवाह कायद्यात २००३ पासून पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या जिथे राहते तिथे अर्ज करता येतो. सासर नाशिकला असलं तरी माहेरी कोल्हापुरात राहणारी मुलगी इथे अर्ज करू शकते. सासरच्या छळाची फौजदारी तक्रारही, परिस्थितीनुसार, तिने आसरा घेतलेल्या गावी करता येते, हे २०१९ च्या रूपाली देवी निकालात आहे. हे मी प्रत्येक बाईला सांगते, कारण अनेकींना वाटतं की तारखेसाठी सासरच्या गावालाच जावं लागेल. ग्राहक तक्रारीतही २०१९ च्या कायद्याने ग्राहक स्वतः जिथे राहतो किंवा काम करतो तिथला आयोग खुला केला आहे. अशा अर्जांत आपला सध्याचा राहता पत्ता काळजीने लिहा, आधार कार्डावरचा जुना नको, आणि त्या पत्त्याचा पुरावा जोडा.

पोलिसांत जाताना

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलम १९७ : गुन्हा जिथे घडला त्या हद्दीतल्या कोर्टात खटला. नेमकी जागा सांगता येत नसेल, किंवा गुन्हा दोन-तीन हद्दींत घडला असेल, तर त्यांतल्या कोणत्याही ठिकाणी. फोनवरच्या किंवा मेसेजवरच्या फसवणुकीत संदेश जिथून गेला किंवा जिथे मिळाला, यांपैकी कुठेही, हे कलम २०२ मध्ये आहे. तेव्हा तक्रारीत ‘मला फोन आला’ एवढ्यावर न थांबता ‘मी माझ्या राजारामपुरी येथील घरी असताना फोन आला’ असं लिहा.

‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर आता चालत नाही. कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हद्दीबाहेरचा म्हणून शून्य क्रमांकाने नोंदलेला गुन्हा मग योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. घटनास्थळ लिहिताना एफआयआरचा नमुना डोळ्यांसमोर ठेवा. त्यात पोलीस ठाण्यापासूनची दिशा आणि अंतर असा रकाना आहे. रस्त्याचं नाव, कोणता फाटा, कोणत्या गावाकडे जाताना, डावीकडे की उजवीकडे, हे तक्रारदाराने आधीच लिहून दिलं तर पंचनाम्यावेळी घोळ होत नाही.

खटला एकदा उभा राहिल्यावर तो दुसरीकडे हलवायचा असेल तर त्याला कारण लागतं, नुसती गैरसोय नेहमी पुरत नाही. त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोर्टाकडे सत्र न्यायाधीश, राज्यातल्या राज्यात उच्च न्यायालय, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सर्वोच्च न्यायालय वर्ग करतं. सगळ्यात ठळक उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेलं आहे : वडोदऱ्यातल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाची फेरसुनावणी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये गुजरातबाहेर, महाराष्ट्रात घ्यायला लावली आणि ती मुंबईत झाली. साक्षीदारांना तिथे मोकळेपणाने बोलता येणार नाही, ही भीती न्यायालयाने खरी मानली होती. वर्ग करण्याचा अर्ज लिहिताना हेच डोळ्यांसमोर ठेवा : या जागी न्याय का मिळणार नाही, हे घटना आणि तारखांनिशी मांडा.

आता आमच्या गावची गोष्ट. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं न्यायपीठ, कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि लोकांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली, आणि आज सावंतवाडीच्या माणसाला मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागत नाही याचा मला फार आनंद आहे. पण या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांनी शीर्षकात ‘कोल्हापूर उच्च न्यायालय’ लिहू नये. न्यायालय मुंबई उच्च न्यायालयच, बसण्याचं ठिकाण कोल्हापूर. जुने वकीलपत्राचे नमुने, जुनी नोटिशीची पानं संगणकात पडलेली असतात. त्यांत वर फक्त ‘मुंबई’ असतं, तिथे ‘सर्किट बेंच, कोल्हापूर’ घाला, आणि तारखेला कुठे हजर राहायचं ते नोटिशीत शहराच्या नावासह लिहा, नाहीतर समोरचा पक्षकार मुंबईच्या फोर्टमध्ये जाऊन उभा राहील.